आधी कोण संपणार? लिमिटिंग रिएजंटचा हिशोब

सोलापुरातल्या अकरावी सायन्सच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "२७ ग्रॅम ॲल्युमिनियम आणि ८५.२ ग्रॅम क्लोरीन यांच्यापासून ॲल्युमिनियम क्लोराइड किती मिळेल, असं गणित होतं. ग्रॅम बघितले तर ॲल्युमिनियम कमी. मोल काढले तर १ आणि १.२, म्हणजे तरीही ॲल्युमिनियमच कमी. मी तोच लिमिटिंग रिएजंट धरला आणि गणित चुकलं. असं कसं? दुसरं म्हणजे, कारखान्यात एक पदार्थ मुद्दाम जास्तच टाकतात असं सर म्हणाले. मग एवढं मोजायचं कशाला?"

दुसऱ्या प्रश्नात जास्त दम आहे, पण तिकडची वाट पहिल्यातूनच जाते. म्हणून आधी पहिला.

माझी सव्वीस वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत सूत रंगवण्याच्या कामात गेली. आता संध्याकाळी अकरावी-बारावीची पोरं घरी शिकायला येतात. दरवर्षी त्यातली निम्मी तरी याच ठिकाणी अडकतात, त्यामुळे तू एकटी नाहीस. या गणितात लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपून अभिक्रिया थांबवणारा पदार्थ, क्लोरीन आहे. ॲल्युमिनियम वजनाने कमी, मोलनेही कमी, तरी आधी संपणार क्लोरीनच. "कमी" हा शब्द आपण एकाची दुसऱ्याशी तुलना करून वापरतो, तिथेच गफलत होते. अभिक्रियेत प्रत्येक पदार्थाची तुलना त्याच्या स्वतःच्या गरजेशी करायची असते.

तू सोलापूरची, म्हणजे टॉवेलचं गोडाऊन बघितलं असशीलच. घरात नाही तर शेजारी कुणीतरी त्या धंद्यात असतंच. समज, लग्नात द्यायच्या टॉवेल सेटची ऑर्डर आहे. एका सेटमध्ये १ बाथ टॉवेल, २ हँड टॉवेल आणि ४ नॅपकीन. गोडाऊनमध्ये माल नगाने मोजत कुणी बसत नाही, काट्यावर टाकतात. काट्यावर बाथ टॉवेल भरले १५० किलो, हँड टॉवेल ७५ किलो, नॅपकीन ४४ किलो. आता सेट किती होतील?

वजन बघून कुणी म्हणेल, नॅपकीन सगळ्यात कमी, तेच आधी संपणार. पण नॅपकीन असतो ४० ग्रॅमचा, हँड टॉवेल १५० ग्रॅमचा, बाथ टॉवेल अर्ध्या किलोचा. वजनाला नगाच्या वजनाने भागलं की नग निघतात: बाथ ३००, हँड ५००, नॅपकीन ११००. आता चित्र बदललं. नगाने बाथ टॉवेल सगळ्यात कमी. मग बाथ टॉवेल आधी संपणार का? तेही नाही. कारण बाथ टॉवेल सेटमागे एकच लागतो. ३०० बाथमधून ३०० सेट निघतील. ५०० हँड टॉवेल दोन-दोन लागतात, म्हणजे २५० सेट. ११०० नॅपकीन चार-चार, म्हणजे २७५ सेट. गाडी अडली हँड टॉवेलवर. २५० सेट बांधून झाले की हँड टॉवेलची थप्पी संपली, आणि कोपऱ्यात ५० बाथ टॉवेल आणि १०० नॅपकीन जोडीदाराची वाट बघत पडून राहिले.

बघ, वजनाने कमी नॅपकीन, नगाने कमी बाथ टॉवेल, आणि काम थांबवलं हँड टॉवेलने, जो दोन्ही यादीत मधे होता. पॅकिंगवाल्या बाईला हे विचार, ती कागद-पेन न घेता सांगेल. तिला लिमिटिंग रिएजंट हा शब्द माहीत नसेल, एवढंच.

रसायनशास्त्रात यापलीकडे काही नाही. किलोवरून नग काढायचे, नगावरून सेट काढायचे. ग्रॅमवरून मोल काढायचे, मोलवरून "सेट" काढायचे. नगाच्या वजनाच्या जागी मोलर वस्तुमान, सेटमागे लागणाऱ्या नगांच्या जागी संतुलित समीकरणातला सहगुणक, म्हणजे पदार्थाच्या पुढचा आकडा. तू पहिली पायरी बरोबर चढलीस, दुसरी चढायची राहिली. मोल म्हणजे नग मोजायची एक भली मोठी डझन, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात एवढ्या नगांची. नग मोजून झाले म्हणजे सेट मोजून झाले असं होत नाही.

आता तुझं गणित. संतुलित समीकरण असं:

२ ॲल्युमिनियम + ३ क्लोरीन रेणू → २ ॲल्युमिनियम क्लोराइड

ॲल्युमिनियमचं अणुवस्तुमान २७, म्हणून २७ ग्रॅम म्हणजे १ मोल. क्लोरीन वायूचा रेणू दोन अणूंचा, रेणुवस्तुमान ७१, म्हणून ८५.२ भागिले ७१ म्हणजे १.२ मोल. इथपर्यंत तुझंही हेच आलं. आता सहगुणकाने भाग. ॲल्युमिनियम १ भागिले २ म्हणजे ०.५. क्लोरीन १.२ भागिले ३ म्हणजे ०.४. ०.४ लहान, क्लोरीनवर गाडी अडली. "सेट" ०.४ झाले, आणि दर सेटमागे ॲल्युमिनियम क्लोराइड २ मोल, म्हणून ०.८ मोल मिळणार. त्याचं मोलर वस्तुमान १३३.५, म्हणजे १०६.८ ग्रॅम. ॲल्युमिनियम खर्च झालं ०.८ मोल, २१.६ ग्रॅम. शिल्लक ५.४ ग्रॅम.

इथे थांबून एक काम कर, जे परीक्षेत फारसं कुणी करत नाही. बेरीज करून बघ. आत टाकलं २७ अधिक ८५.२, एकूण ११२.२ ग्रॅम. बाहेर आलं १०६.८ अधिक शिल्लक ५.४, एकूण ११२.२ ग्रॅम. जमाखर्च जुळला. आता तुझ्या चुकीच्या वाटेने जाऊ. ॲल्युमिनियम लिमिटिंग धरलं तर १ मोल ॲल्युमिनियमपासून १ मोल क्लोराइड, १३३.५ ग्रॅम. भांड्यात सगळं मिळून ११२.२ ग्रॅम टाकलंस आणि १३३.५ ग्रॅम काढलंस! हे वरचे २१ ग्रॅम कुठून आले? फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने अठराव्या शतकात तराजू घेऊन हेच सांगितलं होतं, की आत जेवढं वजन, बाहेर तेवढंच. लिमिटिंग रिएजंट चुकला की बऱ्याचदा उत्तर आपल्याच तोंडाने कबुली देतं, फक्त आपण विचारायला हवं.

याच गणितात आणखी एक खड्डा आहे. क्लोरीनला ७१ ऐवजी ३५.५ ने भागलंस तर २.४ मोल येतात, ३ ने भागले की ०.८, आणि मग लिमिटिंग ॲल्युमिनियम ठरतं. एका चुकीने उत्तर उलटं होतं. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, क्लोरीन हे वायू जोडीने राहतात, हे तोंडपाठ सगळ्यांना असतं पण भागाकाराच्या वेळी आठवत नाही. समीकरण संतुलित न करता सुरुवात करणं हा दुसरा मोठा खड्डा. माझ्याकडच्या पोरांच्या वह्यांत लिमिटिंग रिएजंटच्या चुका बघतो तेव्हा त्यातल्या बहुतेक या दोनच असतात. खरा विषय त्यांना कळलेला असतो.

काही शिक्षक "लागतं किती आणि आहे किती" अशी पद्धत शिकवतात. १ मोल ॲल्युमिनियमला १.५ मोल क्लोरीन लागेल, आहे १.२, म्हणून क्लोरीन कमी पडतं. तीही बरोबरच आहे. काही जण प्रत्येक पदार्थापासून किती उत्पादित मिळेल ते वेगवेगळं काढून लहान आकडा घेतात. एमएचटी-सीईटीला भागाकाराची पद्धत वापर, वेळ वाचतो. बोर्डाच्या पेपरात मात्र उत्पादित काढून दाखवायची पद्धत मला जास्त आवडते, कारण पायऱ्या दिसतात आणि तपासणाऱ्याला मार्क द्यायला जागा मिळते. पदार्थ तीन असले की "लागतं-आहे" पद्धतीत गोंधळ व्हायला लागतो, भागाकार मात्र तसाच सरळ राहतो.

कागदावरचं पुरे. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर घरात करता येतं, खर्चही फार नाही. चार रिकाम्या पाण्याच्या बाटल्या, चार एकसारखे फुगे, खाण्याचा सोडा, आणि किराणा दुकानात मिळणारं व्हिनेगर. व्हिनेगरच्या लेबलवर ॲसिटिक ॲसिडची टक्केवारी बघ, बहुतेक वेळा ४ टक्के असते. प्रत्येक बाटलीत ५० मिलिलिटर व्हिनेगर. फुग्यांमध्ये अनुक्रमे १, २, ३ आणि ४ ग्रॅम सोडा. चमच्याचा अंदाज इथे चालणार नाही. ओळखीचा सराफ असेल तर त्याच्या काट्यावर पुड्या बांधून घे. फुगा बाटलीच्या तोंडावर चढवायचा आणि उलटा करून सोडा आत पाडायचा.

पहिला फुगा लहान फुगतो, दुसरा त्याच्या साधारण दुप्पट. तिसरा दुसऱ्यापेक्षा मोठा, पण मनासारखा नाही. आणि चौथा? चौथा तिसऱ्याएवढाच. दोन्ही शेजारी धरून बघ, फरक सापडणार नाही. सोडा जास्त टाकला आणि गॅस वाढला नाही.

हिशोब साधा आहे. ५० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये ४ टक्क्यांनी २ ग्रॅम ॲसिटिक ॲसिड. रेणुवस्तुमान ६०, म्हणजे ०.०३३ मोल. सोड्याशी प्रमाण एकास एक, आणि सोड्याचं मोलर वस्तुमान ८४. म्हणून एवढ्या ॲसिडला २.८ ग्रॅम सोडा पुरतो. १ आणि २ ग्रॅमच्या बाटलीत सोडा आधी संपला, ३ आणि ४ ग्रॅमच्या बाटलीत ॲसिड आधी संपलं. २.८ ग्रॅमपाशी लिमिटिंग रिएजंटची खुर्ची एकाकडून दुसऱ्याकडे गेली. म्हणून "सोडा हा लिमिटिंग रिएजंट आहे का" या प्रश्नाला अर्थच नाही. कुठल्या बाटलीत, असं विचारायला हवं.

चौथ्या बाटलीत तळाशी पांढरा सोडा दिसेल अशी पोरांची अपेक्षा असते, आणि तो दिसला नाही की ती म्हणतात, सगळा संपला. संपलेला नाही. उरलेला सव्वा ग्रॅम सोडा ५० मिलिलिटर पाण्यात आरामात विरघळतो, म्हणून दिसत नाही. फुगा काढून त्यात थोडं ताजं व्हिनेगर ओत, पुन्हा फसफसेल. पहिल्या बाटलीत मात्र व्हिनेगर ओतून काही होणार नाही, तिथे सोड्याची चिमूट टाक, मग फसफसेल. कोण उरलंय हे शोधायची ही सगळ्यात साधी चाचणी. संशय ज्याच्यावर आहे त्याचा जोडीदार थोडासा टाकून बघायचा.

जाता जाता, फुग्यातला गॅस मोजायला जाशील तर पुस्तकातला १ मोल वायूला २२.४ लिटर हा आकडा वापरू नकोस. तो शून्य अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाचा आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचावर, आणि आपल्याकडचा उन्हाळा तुला मी सांगायला नको. त्यात थोडा गॅस पाण्यातही विरघळलेला राहतो. फुग्यांची एकमेकांशी तुलना कर, तेवढं पुरेसं आहे.

आता माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगतो. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे.

नोकरीचं तिसरं वर्ष, पावसाळा. चादरीच्या पक्क्या रंगाच्या सुताचा लॉट होता, जेड ग्रीन. हा व्हॅट रंग. तो पाण्यात विरघळत नाही. त्याला हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, आणि कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, टाकून साठ अंशांच्या आसपास क्षपण (रिडक्शन) करायचं, मग तो विरघळून सुतात शिरतो. टबात तो निळा दिसतो. लडी बाहेर काढून हवा लागली की हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा हिरवा होतो आणि सुतात कायमचा अडकतो. टबात हायड्रोस पुरेसा आहे का हे बघायला पिवळा कागद असतो. तो बुडवला की काही सेकंदांत निळा व्हायला पाहिजे.

५०० लिटरचा टब होता. २.५ किलो कॉस्टिक, ४ किलो हायड्रोस. मी गणित करून दिलेलं, दोन्ही भरपूर. अर्ध्या तासाने कागद निळा व्हायला वेळ लावायला लागला आणि टबाचा निळा रंग हिरवट दिसायला लागला. म्हणजे रंग टबातच परत बसायला लागला होता. उघडा टब, गरम पाणी, सतत लडी वरखाली. हवा हायड्रोस खात होती. मी म्हणालो, हायड्रोस कमी पडला. एक किलो टाकायला लावला. पाच-दहा मिनिटं बरं, मग पुन्हा तेच. अजून एक किलो. आता तर टब आणखी बिघडला. मी तिसऱ्यांदा ड्रमकडे वळलो तेव्हा आमचे रंगारी मास्तर पुढे आले. वय साठीच्या घरात, घरात तेलुगू, कामावर मराठी, शाळा चौथीपर्यंत. त्यांनी टबातलं पाणी दोन बोटांत घेऊन चोळलं आणि म्हणाले, "सायेब, हायड्रोस बास झाला. कॉस्टिक संपलाय की. बुळबुळ लागंना." आणि माझी वाट न बघता कॉस्टिक फ्लेक्सची बादली विरघळवायला घेतली.

(बोटांनी कॉस्टिक तपासायचा प्रकार तू कधीच करायचा नाही. कातडी जाते. मास्तरांची बोटं बघितली असतीस तर कळलं असतं. त्यासाठी फिनॉल्फ्थॅलीनचा कागद असतो, गुलाबी झाला की अल्कली आहे.)

रात्री घरी जाऊन मी हिशोब मांडला आणि माझीच मला लाज वाटली. हायड्रोस हवेत जळतो तेव्हा एकटा जळत नाही:

१ हायड्रोस + २ कॉस्टिक + १ ऑक्सिजन → १ सोडियम सल्फाइट + १ सोडियम सल्फेट + १ पाणी

हायड्रोसचं मोलर वस्तुमान १७४, कॉस्टिकचं ४०. म्हणजे एक किलो हायड्रोस जळताना सोबत जवळजवळ ४६० ग्रॅम कॉस्टिक घेऊन जातो. सुरुवातीला ४ किलो हायड्रोस म्हणजे २३ मोल. २.५ किलो कॉस्टिक म्हणजे ६२.५ मोल, २ ने भागले की ३१.२५. हायड्रोस लिमिटिंग, कॉस्टिक भरपूर. माझं मूळ गणित बरोबर होतं. पण मी वरून २ किलो हायड्रोस ओतला आणि एकूण झाला ६ किलो, म्हणजे ३४.५ मोल. आता ३१.२५ लहान! मीच माझ्या हाताने कॉस्टिकला लिमिटिंग करून ठेवलं, आणि मग ज्याची टंचाई नव्हती तोच पदार्थ ओतत राहिलो. शिवाय रंग विरघळलेला राहायलाही टबात कॉस्टिक लागतंच, त्यामुळे ते पूर्ण संपायच्या बरंच आधी टब बिघडतो. त्या लॉटच्या लडींवर पट्टे आले आणि सगळा माल काळ्या रंगात रंगवावा लागला.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं: जास्त टाकतात म्हणून मोजायचं नाही, असं नसतं. किती जास्त, आणि कोण जास्त, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

शेतातही हाच प्रकार आहे. ऊस पिवळा पडला की युरियाचं पोतं, तरी सुधारला नाही की आणखी एक पोतं. अडलेलं असतं लोहावर नाहीतर जस्तावर. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने एकोणिसाव्या शतकात नेमकं हेच मांडलं, की पीक ठरतं ते सगळ्यात टंचाई असलेल्या अन्नद्रव्यावर. तुझ्या घरी शेती असेल तर वडिलांना विचार. माती परीक्षणाचा कागद हा खरं तर लिमिटिंग रिएजंट शोधायचाच कागद आहे.

आता दुसरं उत्तर. कारखान्यात लिमिटिंग रिएजंट शोधत बसत नाहीत, तो ठरवतात. शाळेच्या गणितात दोन आकडे दिलेले असतात आणि कोण अडवणार ते तू शोधतेस. कामावर आकडे तुझ्या हातात असतात. चिंचोळी एमआयडीसीत औषधांची मूळ रसायनं बनवणारे कारखाने आहेत. तिथल्या रिॲक्टरमध्ये महागाचा पदार्थ कधी वाया जाऊ देत नाहीत. त्याला लिमिटिंग करतात, आणि स्वस्तातला जोडीदार थोडा जास्त टाकतात, म्हणजे महागाचा कण न् कण वापरला जातो. तिथली भाषाच "१ इक्विव्हॅलंट हे, १.१ इक्विव्हॅलंट ते" अशी असते. १.१ इक्विव्हॅलंट म्हणजे समीकरणाला लागतं त्याच्या १.१ पट. हेच तुझ्या सरांचं "जास्त".

पण नुसता स्वस्त बघून चालत नाही. जो उरणार आहे तो शेवटी काढावाही लागतो. उरलेला पदार्थ धुऊन जाणारा आहे का, मालात राहिला तर माल बिघडवेल का, सांडपाण्यात गेला तर तिथे काय करेल, हे सगळं बघून ठरतं. माझ्या मते शाळेत हा भाग शिकवतच नाहीत, आणि मग मुलांना वाटतं की "एक्सेस" म्हणजे सढळ हाताने टाकलेलं काहीतरी. ॲझो रंग बनवताना डायझो करायची पायरी असते, म्हणजे अमाइन नावाच्या कच्च्या मालाची नायट्राइटशी अभिक्रिया. तिथे अमाइनपेक्षा नायट्राइट अगदी किंचित जास्त ठेवतात. स्टार्च-आयोडाइडचा कागद निळा झाला की समजायचं, अमाइन संपलं, नायट्राइट उरलंय. हीच तुझी फुग्याच्या बाटलीतली चाचणी. आणि मग तो उरलेला नायट्राइटही सल्फॅमिक ॲसिड टाकून मारतात, कारण तो पुढच्या पायरीत घाण करतो. जास्त टाकायचं, आणि जास्त झालेलं काढायचं, दोन्हीचा हिशोब.

शुद्धतेचं सांगतो आणि थांबतो. बाजारातला माल शंभर टक्के नसतो. कॉस्टिक लाय टँकरने येते तेव्हा ती साधारण ४८ टक्के असते, म्हणजे १०० किलो लायमध्ये कॉस्टिक ४८ किलो, बाकी पाणी. हायड्रोसचा ड्रम पावसाळ्यात रात्रभर उघडा राहिला तर त्याची ताकद किती उतरली ते ड्रमवरचं लेबल सांगत नाही. गणितात "८० टक्के शुद्ध चुनखडी" असं दिसलं की मोल काढायच्या आधी तो ८० टक्क्यांचा गुणाकार कर. नंतर केलास तर लिमिटिंग रिएजंटच चुकीचा निवडला जाऊ शकतो, आणि तिथून पुढचं सगळं बरोबर करूनही उपयोग नाही. द्रावण दिलं असेल तर मोल काढायला मोलॅरिटी (एका लिटरमधले मोल) गुणिले लिटर, मिलिलिटर नव्हे. आणि जे उत्तर येतं ते जास्तीत जास्त मिळू शकणारं उत्पादित असतं. प्रत्यक्षात त्यापेक्षा कमीच हाती लागतं, टक्केवारी मागितली असेल तर भागाकार याच आकड्याने.

एक गणित देऊन ठेवतो. रेल्वेचे रूळ जोडताना दोन रुळांच्या फटीवर साचा बसवून वर एक भांडं ठेवतात आणि त्यातलं मिश्रण पेटवतात. काही क्षणांत डोळे दिपवणारा उजेड आणि वितळलेलं लोखंड खाली साच्यात. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये याचं पेटंट घेतलं. रूळवाले याला थर्मिट वेल्डिंग म्हणतात. खऱ्या मिश्रणात पोलादाचे तुकडे आणि इतर धातूही असतात, ते आपण सोडून देऊ. अभिक्रिया अशी: १ लोह ऑक्साइड + २ ॲल्युमिनियम → १ ॲल्युमिनियम ऑक्साइड + २ लोखंड. लोह ऑक्साइड ४८ ग्रॅम, मोलर वस्तुमान १६०. ॲल्युमिनियम १३.५ ग्रॅम. लोखंडाचं अणुवस्तुमान ५६ धर, ॲल्युमिनियम ऑक्साइडचं मोलर वस्तुमान १०२. लोखंड किती मिळेल आणि काय किती उरेल?

लोखंड ३३.६ ग्रॅम आलं तर तू पुन्हा मोलवरच थांबलीस, सहगुणकाने भागायचं राहिलं. २८ आलं तर बरोबर. मग शिल्लक काढ आणि बेरीज ६१.५ ला जुळते का ते बघ.